ओवरीतला वर्ग आणि गावाची अडगळ

(श्री भैरवनाथ मंदिराच्या कलशारोहण सोहळ्यानिमित्त भरलेल्या जाहीर सभेत एका निवृत्त शिक्षकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल नाथांच्या शिखरावर कलश चढला आणि आपणां सर्वांच्या डोळ्यांचे पारणे फिटले. तीन वर्षे गाव राबले. कोणी पैसा दिला, कोणी ट्रॉली दिली, कोणी अंगमेहनत केली. म्हाताऱ्या आयाबायांनी देवळात येऊन पदराच्या गाठीचे पैसे सोडले. हे सारे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. समितीने मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, हा मी माझा बहुमान समजतो. परंतु शिक्षकाच्या हाती ध्वनिक्षेपक दिला की तो काहीतरी मागितल्याशिवाय राहत नाही, हेही आपणांस ठाऊक आहे. तेव्हा मागणीच आधी सांगतो, म्हणजे पुढचे ऐकताना मन शंकित राहणार नाही.

मला पैसे नकोत. मला देवळाची पूर्वेकडची ओवरी रोज संध्याकाळी सहा ते साडेसात या वेळात मुलांसाठी हवी आहे. जुन्या सभामंडपाच्या उखडलेल्या शहाबादी फरश्यांपैकी वीस फरश्या हव्या आहेत. उतरवलेल्या सागवानी फळ्यांपैकी बारा फळ्या हव्या आहेत. आणि आपणां प्रत्येकाच्या घरातील थोडी अडगळ हवी आहे. एवढीच माझी मागणी आहे. ती कशासाठी, हे आता सांगतो.

मी लहान असताना आमच्या घरी एकच कंदील होता. तो स्वयंपाकाला लागे, मग गोठ्यात जाई. अभ्यासाला उजेड कुठला? आम्ही चार-पाच पोरे पाटी घेऊन देवळात येत असू. त्या वेळचे पुजारीबाबा समईत वात थोडी मोठी करीत आणि म्हणत, ‘वाचा रे, पण मोठ्याने वाचा. देवालाही ऐकू द्या.’ त्या उजेडात मी पाढे शिकलो. पुढे शिक्षक होऊन गावी परत आलो, तेव्हा मनात आले की हे ऋण फेडावे. म्हणून चाळीस वर्षांपूर्वी याच देवळात शाळा सुटल्यानंतरचा वर्ग सुरू केला. कधी तीस मुले असत, कधी आठ. मधे दोनदा वर्ग बंदही पडला. बांधकाम चालू झाल्यावर तीन वर्षे आम्ही एका शेतकरी बंधूच्या शेडमध्ये बसलो.

आज घरोघरी वीज आहे, मग वर्ग कशाला, असे कोणी विचारील. पण संध्याकाळी दोन खोल्यांच्या घरात दूरदर्शन संच चालू असतो, माणसांची ये-जा असते, आईवडील रानातून दमून आलेले असतात. उजेड आला, परंतु पोराला बसायला निवांत कोपरा आणि ‘हे असे का?’ म्हणून विचारायला माणूस, या दोन गोष्टींची गरज होती तशीच आहे.

आता माझी एक फजिती ऐका. वर्ग सुरू केला तेव्हा मला वाटे की साधने विकत आणल्याखेरीज वर्ग चालणार नाही. मी घरोघर हिंडून वर्गणी गोळा केली. तालुक्याच्या एका दुकानातून पृथ्वीचा गोल, रंगीत तक्ते, एक कॅरम आणि विज्ञानाच्या साहित्याची चकचकीत पेटी आणली. वस्तू महागाच्या, म्हणून कपाट घेतले. कपाटाला कुलूप लावले. किल्ली माझ्या खिशात. मी परगावी गेलो की किल्लीही परगावी! मुले काचेतून गोलाकडे बघत बसत. पावसाळ्यात तक्त्यांना बुरशी धरली, उंदरांनी त्यांच्या कडा कुरतडल्या, आणि विज्ञानाच्या पेटीतली काचनळी पहिल्याच दिवशी फुटली. ती ज्या मुलाच्या हातून फुटली, त्याला मी रागावलो. तो पुन्हा वर्गात आला नाही. बंधूंनो, काचनळी काही रुपयांची होती. तो मुलगा मात्र मी कायमचा गमावला. वस्तू जितकी महाग, तितकी ती मुलापासून दूर जाते, हा धडा मला असा मिळाला.

पुढे मला कळले की हा धडा थोर माणसांनी कधीच गिरवला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावे आपण ऐकली असतील. ताराबाईंनी 1945 साली समुद्रकाठच्या बोर्डी गावी बालशिक्षणाचे काम आरंभले आणि 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आज पालघर जिल्ह्यात आहे. मुले वारली समाजाची, अत्यंत गरीब. परदेशी पद्धतीची बालशिक्षणाची साधने फार महाग, ती तेथे कोठून परवडणार? म्हणून या बायांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, काटक्या यांचीच साधने केली. मुले येत नाहीत तर अंगणवाडी मुलांच्या पाड्यात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली. ताराबाई 1973 साली गेल्या. अनुताई 1992 पर्यंत त्या टेकडीवर काम करीत राहिल्या.

दुसरे उदाहरण अरविंद गुप्ता यांचे. कानपूरच्या आय.आय.टी.त शिकलेला हा अभियंता पुण्याच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरीस होता. 1978 साली रजा घेऊन तो मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, खेड्यातल्या शाळांतून चाललेले विज्ञानशिक्षणाचे काम पाहायला गेला. तेथल्या आठवडी बाजारात त्याला सायकलची वालट्यूब दिसली. त्या बारीक रबरी नळीचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून त्याने भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या. पुढे साऱ्या देशातील मुलांना त्याने टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला शिकवले. 2018 साली सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

मी ही काड्यांची युक्ती आपल्या मुलांना दाखवली. आधी काड्यांचे गूल खरवडून टाकायचे, मग तीन काड्यांचा त्रिकोण आणि चार काड्यांचा चौकोन करायचा. चौकोन बोटाने ढकलला की कलंडतो. त्रिकोण हलत नाही. मुलांनी विचारले, ‘गुरुजी, असे का?’ मी त्यांना बांधकामावर घेऊन गेलो आणि नव्या मंडपाच्या पत्र्याखालच्या लोखंडी कैच्या दाखवल्या. एक मुलगी वर बघून म्हणाली, ‘हे तर सगळे त्रिकोणच आहेत!’ गवंडीदादा हसले आणि म्हणाले, ‘बाई माझे, म्हणून तर वारे झेलतंय.’ त्या दिवशीच्या धड्याला एक काड्यापेटी आणि सायकलच्या दुकानातला वीतभर रबर एवढाच खर्च आला.

तेव्हा साधने कुठे मिळतात, असे मला कोणी विचारले तर मी म्हणतो, आधी गावातून एक फेरी मारा. आमच्या वर्गाने ही फेरी अनेकदा मारली आहे. काय काय मिळते ते सांगतो.

पहिला कागद. तालुक्याच्या छापखान्यात कागद कापल्यावर पट्ट्या उरतात. मालकांना आदबीने विचारले तर ते पोतेभर देतात. त्यांच्या दोऱ्याने शिवून छोट्या वह्या होतात. लग्नसराई संपली की घरोघर लग्नपत्रिका साठतात. त्यावर गणपतीचे चित्र असते, म्हणून त्या कोणाला केरात टाकवत नाहीत आणि ठेवायलाही जागा नसते. आम्ही त्या मागून आणतो. देवाचे चित्र आदराने वेगळे काढून ठेवतो आणि कोऱ्या बाजूवर शब्द लिहून वाचनपट्ट्या करतो. जुन्या दिनदर्शिकेचे मोठे आकडे कापले की अंकओळख होते, पाठीमागे तक्ते होतात. मुंबईकर मंडळींना माझी विनंती आहे, आपल्या कचेरीत एका बाजूने छापून वाया गेलेले कागद साहेबांची परवानगी घेऊन गावी येताना आणा. खाजगी मजकुराचे मात्र आणू नका.

दुसरे गणिताचे साहित्य. खराट्याच्या दहा काड्या आणि जुन्या सायकल ट्यूबमधून कापलेले रबरी कडे, म्हणजे एक दशक. असे दहा जुडगे बांधले की शतक. हातचा घेणे म्हणजे जुडगा सोडणे, हे पोराला एकदा हाताने करू द्या, ते जन्मात विसरत नाही. चिंचोके, सागरगोटे, कवड्या मोजायला आहेत. करवंट्या घासून घेतल्या की मापे होतात.

तिसरे, कारागिरांकडचे. शिंपीदादांकडच्या चिंध्यांतून बाहुल्या आणि फळा पुसायचे बोळे होतात. सुतारमामांकडून ठोकळे मिळतात. त्यांच्या कडा पॉलिशपेपरने घासायचे काम मोठी मुले करतात. सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या स्वच्छ धुऊन, उलट्या करून शिवल्या की बसायला तळवट होतो. ज्वारीच्या चिपाडांच्या बैलगाड्या आपण सर्वांनीच लहानपणी केल्या आहेत. ती कला आपल्या नातवंडांना आज येत नाही. आजोबा मंडळींनी महिन्यातून एक संध्याकाळ दिली तर तेही एक मोलाचे साधन आहे.

चौथे, देवळातलेच. कागदाची पट्टी हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवा. तिच्यावर साबणाचे पाणी टाकले की ती तांबडी होते, लिंबू पिळले की पुन्हा पिवळी. हळदीला चुना लागला की कुंकवासारखा रंग येतो, तो याच कारणाने. देवाला वाहिलेल्या हळदकुंकवात रसायनशास्त्र आहे, हे मुलांना कळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यांवरचा आनंद पाहण्यासारखा होता. चुन्याला मात्र मुलांना हात लावू देत नाही. डोळ्यात गेला तर घात होतो.

आणि आपली दीपमाळ! तिची उंची किती, यावर एकदा मुलांची पैज लागली. कोणी म्हणे वीस हात, कोणी म्हणे पन्नास हात. आम्ही एक मीटरची काठी अंगणात उभी धरली. तिची सावली 80 सेंटीमीटर भरली. त्याच क्षणी दीपमाळेची सावली बुंध्याच्या मध्यापासून मोजली, ती 7 मीटर 20 सेंटीमीटर. काठीची सावली त्यात किती वेळा बसते? नऊ वेळा. म्हणजे दीपमाळ 9 मीटर. शिडी नाही, दोर नाही, खर्च नाही. तसेच आपल्या सातारा-सांगली भागात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस असा येतो की सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. सुट्टीला आलेल्या मुंबईच्या नातवंडांनी हा चमत्कार जरूर पाहावा.

आता पुस्तकांविषयी. बालभारतीने 1971 साली मुलांसाठी ‘किशोर’ मासिक सुरू केले. मी तेव्हा शाळेत होतो, आणि गावात येणारा एकच अंक आम्ही पाळीपाळीने वाचत असू. आज त्या मासिकाचे जुने अंक, तसेच बालभारतीची पाठ्यपुस्तके, संगणकावर आणि मोबाईलवर फुकट वाचता येतात. अरविंद गुप्ता यांनीही आपली आणि इतरांची असंख्य पुस्तके, मराठीसुद्धा, अशीच खुली ठेवली आहेत. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तके अल्प किमतीत मिळतात. मुलांच्या हाती मोबाईल द्या असे मी म्हणत नाही. एका मोठ्या माणसाने गोष्ट निवडावी, चार पाने छापून आणावीत आणि ओवरीत मोठ्याने वाचावी. आठवीपर्यंतची पुस्तके सरकारी व अनुदानित शाळांतून मुलांना मोफत मिळतात. वर्ष संपल्यावर ती रद्दीत जातात. तीच आमच्याकडे द्या, त्यांतले धडे आणि चित्रे वर्षानुवर्षे कामास येतात.

काय घेऊ नये, हेही सांगितले पाहिजे. फवारणीच्या औषधाचे डबे आणि बाटल्या कितीही धुतल्या तरी आम्ही घेत नाही. कोणी प्रेमाने दिल्या तरी घेत नाही. दवाखान्यातील सुया-नळ्या, फुटक्या काचा, गंजके पत्रे, जुन्या बॅटऱ्या नकोत. फुकटच्या लोभाने पोराला इजा झाली तर ती वस्तू फार महाग पडली असे होईल.

आता मी मनातील मुख्य गोष्टीकडे येतो. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आपल्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्या खोपी पडतात आणि उन्हाळा लागेपर्यंत त्यांची मुले आपल्या गावात राहतात. शाळेत त्यांतली काही जातात, काही जात नाहीत. बहुतेकांवर धाकटी भावंडे सांभाळायची जबाबदारी असते. एका वर्षी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन देवळाच्या पायरीवर येऊन उभी राहू लागली. आत ये म्हटले तर येईना. ‘पाय मळलेत,’ म्हणाली. मी तिला पायरीवरच लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूंची शिवलेली एक वही आणि पेन्सिलीचा तुकडा दिला. पाचव्या-सहाव्या दिवशी ती आत येऊन बसली. भाऊ चिंचोक्यांशी खेळे, ती अक्षरे गिरवी. हंगाम संपला, टोळी गेली. मी तिला विसरलो होतो. पुढल्या दिवाळीनंतर ती पुन्हा आली आणि पिशवीतून तीच वही काढली. पाने भरून गेली होती. पत्रिकेच्या छापील बाजूवरही, नवरा-नवरीच्या नावांच्या मधल्या जागेत, तिने अक्षरे काढली होती. म्हणाली, ‘गुरुजी, दुसरी आहे का?’

बंधुभगिनींनो, गेल्या महिन्यात समितीच्या बैठकीत असा विचार निघाला की नव्या संगमरवरी फरशीवर पोरांनी शाई सांडली, चिखलाचे पाय आणले तर शोभा जाईल. तेव्हा वर्ग देवळात नको. हा विचार मांडणाऱ्यांविषयी माझ्या मनात राग नाही. त्यांनी रात्रीचा दिवस करून हे देऊळ उभे केले आहे, त्यांचा जीव त्या फरशीत आहे. परंतु मला पायरीवरची ती मुलगी दिसते. ‘पाय मळलेत’ असे ती उद्या पुन्हा म्हणाली तर आपण तिला काय सांगणार आहोत? फरशी ओल्या फडक्याने पुसता येते. पायरीवरून परत गेलेले मूल परत आणता येत नाही. मी एकदा ते भोगले आहे.

म्हणून मी मधला मार्ग सुचवतो. गाभारा आणि मंडप देवाचे असोत. पूर्वेची ओवरी संध्याकाळी दीड तास मुलांची असो. मागच्या अंगणात शहाबादी फरश्यांचा ढीग पडला आहे. त्यातल्या वीस फरश्या ओवरीच्या भिंतीला टेकवून बसवल्या की वीस मुलांना लिहायला वीस फळे झाले. शाईचा प्रश्नच मिटला. त्या फरश्यांवर आपल्या पूर्वजांचे पाय लागले, आता त्यांच्यावर पतवंडांची अक्षरे उमटतील. सागवानी फळ्यांचेही तसेच. देवळाचे लाकूड आपण चुलीत घालत नाही. त्यांची मांडणी करू. तिला दार नको, कुलूप नको. दारात पाण्याची बादली ठेवू, पाय धुऊन आत येण्याचा नियम करू. शेवटची दहा मिनिटे मुले ओवरी झाडतील. मुली अंधार पडण्यापूर्वी घरी पोचतील, अशी हिवाळ्यात वेळ अलीकडे घेऊ.

हिशेबाचे बोलतो. आपला ट्रस्ट 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली आहे आणि त्या कायद्याने शिक्षण हे धर्मादाय कार्यच मानले आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्चावा, असा नियम आहे. सरपंच ताई येथे बसल्या आहेत, त्यांनी यातून दोन दिवे आणि पिण्याच्या पाण्याची सोय करावी, ही विनंती. ज्यांना रोख द्यायचे आहे त्यांनी ट्रस्टकडे द्यावे, पावती घ्यावी. माझ्या हाती पैसा देऊ नये. आलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद, मग ती चिंचोक्यांची पिशवी का असेना, दारातल्या फळ्यावर लागेल.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा त्यांच्याजवळ काय होते? घरोघरची मूठ मूठ धान्याची मदत आणि पत्नी लक्ष्मीबाईंचे सौभाग्याचे लेणे. त्या माउलीने वसतिगृहाच्या मुलांसाठी मंगळसूत्रही मोडू दिले. आपल्याला कोणी तेवढे मागत नाही. आपल्याला अडगळ मागितली जात आहे, आणि दीड तासाची जागा.

आज शिखरावर कलश झळकतो आहे. खाली ओवरीत पोरांचा आवाज घुमला तर माझ्या लहानपणच्या पुजारीबाबांना, जिथे असतील तिथे, बरे वाटेल. देवालाही ऐकू द्या, असे ते म्हणत.

समितीने या मागणीचा विचार करून आजच्या या सभेतच निर्णय द्यावा, अशी हात जोडून विनंती करतो.

नाथांच्या नावानं चांगभलं!